दोन्ही पायांचा खेळ

लातूरला बहिणीकडे मुक्काम असला की पहाटे पाचला बाहेर पडायचे, ही माझी जुनी सवय. शाळेतून निवृत्त होऊन वर्षे झाली, पण पाचचा गजर काही अंगातून गेला नाही. त्या वेळी लातूरचे रस्ते पाहण्यासारखे असतात. बाकीचे शहर साखरझोपेत असते आणि रस्त्यावर असतात ती फक्त मुले.

ही मुले दोन प्रकारची. एका प्रकारच्या मुलांच्या पाठीवर दप्तर असते आणि डोळ्यांत अर्धवट झोप. सायकलवर किंवा पायी ती ट्यूशन एरियाकडे निघालेली असतात. कुणी नांदेडचे, कुणी हिंगोलीचे, कुणी परभणीचे. चौघांत एक खोली, मेसचा डबा आणि भिंतीवर सूत्रांचे कागद, असे त्यांचे दोन वर्षांचे आयुष्य. दुसऱ्या प्रकारची मुले शहराबाहेरच्या रस्त्याच्या कडेने पळत असतात. अर्धी चड्डी, बनियन, झिजलेले बूट, आणि सर्वांत पुढच्या मुलाच्या हातात घड्याळ. ही 'भरतीची मुले'. सैन्यात, पोलिसात, जिथे निघेल तिथे भरतीला उभे राहायचे, एवढेच त्यांना ठाऊक.

दोन्ही प्रकारची मुले एकाच चहाच्या टपरीवरून जातात. पण त्यांना एकमेकांशी बोलताना मी कधी पाहिले नाही. दप्तरवाली पळत नाहीत आणि पळणारी दप्तराला हात लावत नाहीत. जणू आपण मोठ्या माणसांनीच लेकरांची वाटणी करून टाकली आहे. डोके चांगले असेल तर डॉक्टर-इंजिनिअर, नसेल तर पाय वापर!

ही वाटणी करणाऱ्यांत मीही होतो. हा लेख त्यासाठीच लिहितो आहे.

माझा भाचा शाळेत फुटबॉल खेळायचा. आमच्याकडे मैदान म्हणजे काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसाळ्यात चेंडूपेक्षा चिखलच जास्त उडतो. त्या मातीत हा गोलरक्षक म्हणून उभा राहायचा. गुडघे फुटलेले, कोपरे सोललेली, पण घरी येताना चेहऱ्यावर असा आनंद की आईला रागवायचे सुचू नये. अभ्यासातही बरा होता. दहावीला बसला त्या वर्षी बहिणीने मला विचारले, "दादा, याचं काय करावं? संध्याकाळचे दोन तास जातात त्या चेंडूपायी."

मी गणिताचा मास्तर. हिशेब करून सांगितला. रोजचे दोन तास, म्हणजे वर्षाचे सातशे तीस. तेवढ्या तासांत गणित आणि विज्ञानाच्या सगळ्या पुस्तकांच्या किती उजळण्या होतील, तेही सांगितले. पोराने निमूटपणे चेंडू माझ्या हातात दिला. मी तो माळ्यावर टाकला. कुणी रडले नाही, भांडले नाही. मला वाटले, काम फत्ते!

दोन वर्षांनी हाच मुलगा म्हणाला, मला एनडीएला जायचे आहे. आम्हाला आनंद झाला. लेखी परीक्षा तो पहिल्याच फटक्यात उत्तीर्ण झाला. पेढे वाटले. मग तो मुलाखतीसाठी, म्हणजे ज्याला सगळे एस.एस.बी. म्हणतात त्या पाच दिवसांच्या निवडीसाठी गेला आणि सहाव्या दिवशी परत आला. शेवटच्या दिवशी निवड झालेल्यांचे छातीवरचे क्रमांक पुकारतात. त्यात याचा क्रमांक नव्हता.

परत आल्यावर तो फारसे बोलला नाही. रात्री गच्चीवर मात्र म्हणाला, "मामा, त्यांनी विचारलं, कोणता सांघिक खेळ खेळतोस? मी म्हटलं, फुटबॉल. मग विचारलं, शेवटची मॅच कधी खेळलास? मी म्हटलं, दहावीत."

एवढेच बोलून तो थांबला. तक्रारीचा सूरही नव्हता त्यात. पण तो माळ्यावरचा चेंडू त्या रात्री मला झोपू देईना.

फुटबॉल सोडला म्हणूनच त्याची निवड झाली नाही, असे मी म्हणणार नाही. तिथून परत येणारेच जास्त असतात. त्यात उत्तम खेळाडूही असतात. आज तो पुण्यात इंजिनिअर आहे आणि सुखात आहे. पण आपण दिलेला सल्ला कुठल्या माहितीवर दिला होता, हे तपासावे असे मला वाटू लागले. तपासले, तेव्हा लक्षात आले की मास्तरांचा हिशेब पहिल्याच पायरीवर चुकला होता.

एनडीएच्या परीक्षेचे गुण पाहा. गणित ३००, सामान्य क्षमता चाचणी ६००, म्हणजे लेखी परीक्षेचे एकूण ९००. आणि एस.एस.बी.चेही ९००. म्हणजे १८०० पैकी नेमके निम्मे गुण ज्या गोष्टीला आहेत, तिचे पुस्तक कोणत्याही दुकानात मिळत नाही. पहिल्या दिवशी चाळणी लागते. पुढच्या दिवसांत मानसशास्त्रीय चाचण्या, मुलाखत आणि मैदानावरची गटाची कामे. एक फळी, एक दोर, एक बल्ली देतात आणि सांगतात, एवढ्या साहित्यावर सगळ्या गटाने हा अडथळा ओलांडायचा, जमिनीला पाय लावायचा नाही. तिथे पाहतात ते असे : सुचते कुणाला, सुचलेले दुसऱ्याला समजावून सांगता येते कुणाला, दुसऱ्याची कल्पना चांगली असेल तर आपली मागे घेता येते कुणाला, आणि सगळे गोंधळले की आवाज न चढवता पुढे होते कोण. हे सातशे तीस तासांच्या उजळणीने येत नाही. ते कुठे येत असेल, तर दहा जणांबरोबर चिखलात खेळताना, हरताना आणि हरल्यावर त्याच दहा जणांबरोबर घरी चालत येताना.

आणि निवड झाल्यावर तरी पुस्तक सुटते का? मुळीच नाही. खडकवासल्याला तीन वर्षे काढणारा छात्र दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडतो. सकाळी कवायत, दुपारी वर्ग, संध्याकाळी मैदान. जी वाटणी आपण पंधराव्या वर्षी करून टाकतो, ती तिथे कुणालाच मान्य नाही.

हे सगळे वाचत असताना एक नाव माझ्यासमोर पुन्हा आले. ते तुम्हालाही आठवत असेल. कर्नल संतोष महाडिक.

साताऱ्याजवळचे आरे-पोगरवाडी हे त्यांचे गाव. जन्म १५ जानेवारी १९७७. मूळ घराणे घोरपड्यांचे, दत्तक गेले ते आजोळी, महाडिकांकडे. खेड्यातला हा मुलगा साताऱ्याच्या सैनिक शाळेत शिकला. ही शाळा २३ जून १९६१ रोजी सुरू झाली. देशातली ती पहिली सैनिक शाळा. सैनिक शाळांची कल्पनाच अशी होती की, गावाकडच्या, साध्या घरातल्या मुलांनाही अधिकारी होण्याचा रस्ता खुला व्हावा. प्रवेशाला परीक्षा, म्हणजे आधी पुस्तक. आत गेल्यावर मात्र पुस्तकाइतकेच मैदान.

या मैदानावर संतोष महाडिक फुटबॉल खेळत, तेही गोलरक्षक म्हणून. मुष्टियुद्ध करीत, घोडेस्वारीत तरबेज होते. गोलरक्षकाची जागा मोठी विलक्षण असते. बाकीचे दहा जण पळत असतात आणि तो एकटा उभा असतो. पण सगळे मैदान दिसते ते त्यालाच. कोण कुठे मोकळा सुटला, कुठे फट पडली, हे तो मागून ओरडून सांगतो. चेंडू आल्यावर मात्र सांगण्याची वेळ संपलेली असते. तिथे स्वतःच झेप घ्यावी लागते. चुकला तर दोषही एकट्याचाच.

१९९८ साली ते लष्करात अधिकारी झाले. पलटण मिळाली २१ पॅरा, म्हणजे विशेष दलाची. ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची. ईशान्य भारतातल्या 'ऑपरेशन ऱ्हायनो'मधल्या कामगिरीबद्दल २००३ साली त्यांना सेना पदक मिळाले. पुढे ते कर्नल झाले आणि काश्मीरमध्ये कुपवाड्याला ४१ राष्ट्रीय रायफल्सचे प्रमुख म्हणून गेले. तिथे बंदुकीइतकेच लक्ष त्यांनी माणसांकडे दिले. तिथल्या तरुणांना शिक्षण आणि खेळ यांकडे वळवण्यासाठी ते धडपडत होते. मैदानावर वाढलेल्या माणसाला, दुसऱ्याच्या पोराला काय द्यावे, हे मैदानच सुचवते!

नोव्हेंबर २०१५ मध्ये हाजी नाका भागातल्या जंगलात दहशतवाद्यांचा शोध सुरू होता. पलटणीच्या प्रमुखाने पाठीमागे राहून सूत्रे हलवली असती तरी कुणी नावे ठेवली नसती. महाडिक पुढे होते. १७ नोव्हेंबरला गोळ्या लागून ते जबर जखमी झाले आणि त्यातच त्यांना वीरमरण आले. वय अवघे अडतीस. पोगरवाडीत त्यांना निरोप द्यायला सारा परिसर लोटला होता. पुढे त्यांना मरणोत्तर शौर्य चक्र देण्यात आले.

मी ही कहाणी बहिणीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "दादा, हे ऐकल्यावर कोणती आई लेकराला पाठवील?" प्रश्न खरा आहे, आणि त्याला उत्तर देण्याचा अधिकार माझ्यासारख्याला नाही. ज्यांना तो अधिकार होता, त्यांनी ते दिले आहे. कर्नल महाडिक यांच्या पत्नी स्वाती महाडिक या शिक्षिका होत्या आणि दोन लहान मुलांच्या आई. पती गेल्यावर त्यांनी ठरवले, आपणही हाच गणवेश घालायचा. वयाची अट त्यांच्यासाठी शिथिल करण्यात आली. निवडीत मात्र सवलत नव्हती. ती निवड पार करून त्या चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत गेल्या. आपल्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलींच्या बरोबरीने पळाल्या, दोर चढल्या, रात्रीच्या कूच केल्या. ९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या लेफ्टनंट झाल्या. वर्गात फळ्यापुढे उभी राहणारी बाई अडतिशीच्या उंबरठ्यावर मैदानात उतरली. पुस्तक आणि मैदान यांत भिंत नाही, याचा यापेक्षा मोठा पुरावा मला तरी माहीत नाही.

आता थोडे त्या दुसऱ्या मुलांविषयी, रस्त्याच्या कडेने पळणाऱ्या. त्यांच्याकडे तर आपले लक्षच नसते. सैन्याची जी शिपाई-भरती आहे, ती २०२२ पासून अग्निवीर योजनेतून होते. पूर्वी आधी धावायचे आणि मग लेखी परीक्षा, असा क्रम असे. २०२३ पासून क्रम उलटा झाला. आधी संगणकावरची लेखी परीक्षा, आणि त्यात निभावला तरच धावायला बोलावणे. म्हणजे दीड-दोन वर्षे पहाटे उठून १६०० मीटरची वेळ एकेका सेकंदाने कमी करणारा मुलगा, टक्केवारी आणि काळ-काम-वेगाच्या चार गणितांवर अडून मैदानाच्या फाटकापर्यंतही पोचत नाही. इकडे माझा भाचा मैदानावर अडतो, तिकडे हा पुस्तकावर. दोघांनाही आपण अर्धेच दिलेले असते.

दोन्ही सांभाळले तर काय होते, हे आपल्याच मराठवाड्यातल्या एका मुलाने दाखवले आहे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले मांडवा हे अविनाश साबळे याचे गाव. बारावी झाल्यावर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीनच्या बर्फात राहिला, राजस्थानच्या वाळूत राहिला. खऱ्या अर्थाने धावायला लागला तो लष्करातच. ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत, २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक जिंकले, आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण. या शर्यतीत नुसते पाय चालत नाहीत. कोणत्या फेरीत किती दम राखायचा, पाण्याच्या खड्ड्यावर कुठले पाऊल टाकायचे, याचे गणित डोक्यात चालू असावे लागते.

पुस्तक आणि फावडे एकाच माणसाच्या हातात मी प्रत्यक्ष पाहिले आहे, तेही लातूर जिल्ह्यातच. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना किल्लारीची जमीन हलली. आम्ही काही शिक्षक नांदेडहून मदतीला गेलो. दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवदाची माती आणि त्याखाली माणसे. वरून पाऊस. आम्ही नुसते धावत होतो, जिथे रडणे ऐकू येईल तिकडे. मग लष्कराचे जवान आले. त्यांच्यातला एक तरुण अधिकारी मला अजून दिसतो. माझ्याहून लहानच असेल. त्याच्या हातात एक छोटी वही होती. गल्लीचा कच्चा नकाशा काढायचा, कोणत्या घरात किती माणसे होती ते गावकऱ्यांना विचारून लिहायचे, माणसे वाटून द्यायची, आणि वही खिशात टाकून स्वतः दगड उचलायला वाकायचे, असे त्याचे चालले होते. तो कोण, कुठला, मला माहीत नाही. त्याच्या तुकडीने एका घरातून दोघांना जिवंत बाहेर काढले, एवढे मी पाहिले. नेतृत्व नेतृत्व म्हणतात ते काय, हे मला विचाराल तर मी त्या वहीकडे आणि त्या वाकलेल्या पाठीकडे बोट दाखवीन.

फुटबॉलशी आपला काय संबंध, तो कोल्हापूरच्या पेठांचा आणि गोव्याचा खेळ, असे कुणी म्हणेल. पण थोडे मागे जाऊन पाहा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नांदेड आणि लातूर हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात होता. आणि त्या काळी देशात फुटबॉलचा दबदबा होता तो हैदराबादचा! हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. देशातला गाजलेला गोलरक्षक पीटर थंगराज हाही हैदराबादेत जन्मलेला, आणि पुढे लष्करात भरती होऊन मद्रास रेजिमेंटल सेंटरच्या संघातून खेळलेला. ड्युरँड चषक तर १८८८ साली सुरूच झाला तो लष्करी पलटणींसाठी. म्हणजे फुटबॉल आणि फौज यांची सोयरीक जुनी आहे, आणि तिचे एक माहेर आपल्याच जुन्या राजधानीत आहे.

माझे वडील कचेरीच्या कामाला मीटरगेजच्या गाडीने हैदराबादला जात. कामासाठी एक दिवस पुरला तरी ते दोन दिवस लावीत, हे आईला माहीत असे. दुसरा दिवस फुटबॉलचा. घरी आल्यावर रहीमसाबांच्या गोष्टी सांगत. सय्यद अब्दुल रहीम. हैदराबाद पोलिसांच्या संघाला आणि पुढे भारताच्या संघाला घडवणारा हा माणूस मुळात शाळामास्तर होता, उस्मानिया विद्यापीठाचा पदवीधर. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक जिंकले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. १९६२ च्या सुवर्णानंतर वर्षाच्या आत कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

या मास्तरांची एक युक्ती प्रसिद्ध आहे. ते असे सामने भरवीत की, खेळाडूने चेंडू फक्त आपल्या कच्च्या पायानेच मारायचा. उजव्या पायाच्या खेळाडूने डाव्याने, डावऱ्याने उजव्याने. सुरुवातीला फजिती व्हायची. पण असा खेळाडू तयार झाला की त्याला कुठून अडवावे, हे समोरच्याला कळत नसे.

मास्तर तेही आणि मास्तर मीही. त्यांनी कच्चा पाय पक्का करायला शिकवले. मी पक्का पाय आणखी पक्का करण्यासाठी दुसरा बांधून ठेवायला सांगितले.

याचा अर्थ अभ्यासाला कमी लेखावे असा नाही. लातूर पॅटर्नने या भागासाठी काय केले, ते माझ्या पिढीने पाहिले आहे. दुष्काळी गावातली, पहिल्यांदाच शिकणाऱ्या घरातली शेकडो मुले त्यामुळे डॉक्टर झाली. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे पुढे १९९४ मध्ये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्या वेळी लातूर-नांदेडच्या घराघरांत एक विश्वास जागा झाला होता की आपली मुलेही कुठे कमी नाहीत. ती मेहनत खोटी नव्हती. पण मेहनतीचा अर्थ आपण हळूहळू आकसून घेतला. दिवसाचे सगळे तास खुर्चीवर, म्हणजे मेहनत, असे समीकरण झाले. संभाजीनगरला १९७७ पासून सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. राज्य सरकार तिथे अकरावी-बारावीच्या मुलांना एनडीएसाठी तयार करते. तिथे शाळेचा अभ्यास आणि मैदान दोन्ही रोजच असतात. मराठवाड्याच्या मातीत हे होऊ शकते, हे सिद्ध करायला आता नव्याने काही उभारायची गरज नाही.

आणि नांदेडच्या माणसाला तर हे सांगावेच लागू नये. ज्या गुरू गोबिंदसिंघांनी १७०८ साली आमच्या गोदाकाठी देह ठेवला, ते कवी होते, अनेक भाषांचे जाणकार होते आणि रणांगणावरचे सेनानीही होते. होळीच्या सुमारास हल्ला-महल्ल्याची मिरवणूक निघते, तेव्हा आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून घोडे आणि तलवारी पाहतो, हात जोडतो. घरी आल्यावर मात्र पोराला म्हणतो, खेळ बंद, पुस्तक उघड.

हे सगळे आताच का आठवले, तेही सांगतो. भाच्याची धाकटी बहीण यंदा दहावीला आहे. ती फुटबॉल खेळते. भावाचे पाहून तिनेही ठरवले आहे, एनडीए. पूर्वी मी हसलो असतो. पण ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींना ही परीक्षा देऊ द्या असे सांगितले, २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी खडकवासल्यात दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी त्या तुकडीतल्या १७ मुली संचलन करीत बाहेर पडल्या. आता हसण्याचे कारण उरलेले नाही.

बहिणीने पुन्हा तोच प्रश्न विचारला, "दादा, हिचं काय करावं? वर्ष दहावीचं आहे."

मी म्हटले, "खेळू दे."

"आणि मार्क कमी पडले तर?"

याचे उत्तर मला देता आले नाही. पडतीलही. एनडीएला एका वेळी सुमारे चारशे जागा असतात आणि परीक्षेला बसणारे काही लाख. तिची निवड होईलच, असे कुठला मामा सांगू शकेल? मी एवढेच म्हटले, "मागच्या वेळी मी हिशेब करून सांगितलं होतं. या वेळी हिशेब करत नाही. रोज एक तास मैदान, आणि तो तास मी तिच्याबरोबर जाईन. बाकीच्या वेळेत गणित मी शिकवतो." बहीण बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "संध्याकाळी नको. पहाटे जा. संध्याकाळचा अभ्यास मोडायचा नाही." म्हणजे परवानगी मिळाली!

मी उत्साहाने माळ्यावर चढलो. भाच्याचा चेंडू एका पोत्यामागे सापडला, पार चिपटा झालेला. हवा भरायला सायकलच्या दुकानात नेला. दुकानदाराने उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "सर, याची शिलाई उसवलीय. ब्लॅडरही गेलंय. नवाच घ्या." भाचीला सांगितले तर ती हसायला लागली. "मामा, माझ्याकडं आहे की माझा. तो दादाचा कशाला काढलात?"

खरेच, कशाला काढला होता कोण जाणे. माळ्यावर परत मात्र टाकला नाही. पुण्याला भाच्याला फोन करून सांगितले. तो म्हणाला, "राहू द्या मामा, आल्यावर बघतो."

सध्या माझा मुक्काम लातुरातच जास्त असतो. पहाटे पाचला आम्ही दोघे निघतो. ती पळत पुढे जाते, मी मागून चालत. मैदानाच्या कडेला एक दगडी कट्टा आहे, तिथे मी बसतो. सहाला तिचा खेळ संपतो आणि तिथूनच ती थेट शिकवणीला जाते. तोवर तिचे दप्तर माझ्या मांडीवर असते.